काखेतली भाकरी

संपादकांचं पत्र आलं, नोकरीतले अनुभव लिहा, शक्यतो गमतीचे. गमतीचे आहेतही. पण आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याची फसगत व्हायची नाही. मी हेवेखोर माणूस आहे. दुसऱ्याला शाबासकी मिळाली की माझ्या पोटात दुखतं, आणि ते दुखणं ओव्याने जात नाही. सोलापुरात कोंडवाड्याचा कारकून म्हणून मी अठरा वर्षं काढली. त्यातली बरीचशी बेवारशी कुत्र्यांना घरं मिळवून देण्यात गेली. आणि आजही गावात तो विषय निघाला की लोक म्हणतात, "ती गंगव्वाची कुत्री होय?" गंगव्वाची! आयुष्यभर पायपीट कुणी केली, ते कुणी विचारत नाही.

कोंडवाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोकाट गुरं येतात. आमच्याकडेही आधी गुरंच असत. पुढे गावात पिसाळलेल्या कुत्र्यांची ओरड झाली, तेव्हा मागच्या अंगाला पत्रा ठोकून कुत्र्यांसाठी सहा खण काढले. नियम सोपा होता. ज्या कुत्र्याच्या गळ्यात पितळी बिल्ला नाही ते धरायचं आणि तीन दिवस ठेवायचं. मालक आला तर त्याच्या नावाने बिल्ला करून कुत्रं सोडायचं. नाही आला तर चौथ्या दिवशी सकाळी भाकरीतून कुचला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कुचला म्हणजे एक विषारी बी. माणूस औषधाला गुंजभर घेतो, कुत्र्याला जरा जास्त देतात.

पहिलं वर्षभर मी टेबलाशी बसून हे निमूट पाहिलं. मी काही मोठा दयाळू नव्हे. पण चौथ्या दिवशीही कुत्रं शेपूट हलवत भाकरी घ्यायला पुढे येतं, ते मला बघवेना. मग एके दिवशी नियमाचा कागद पुन्हा वाचला. त्यात लिहिलं होतं, "मालक तीन दिवसांत हजर झाल्यास." आता मालक म्हणजे कधीपासूनचा मालक? कालचा की आत्ताचा? त्याबद्दल कागदात अवाक्षर नव्हतं. कारकुनाला दुसरं काही येवो न येवो, नियमातली फट बरोबर दिसते. मी ठरवलं, तीन दिवसांत कुत्र्याला मालक हजर करायचा. जुना न मिळाला तर नवा.

साहेबांनी कपाळाला आठ्या घालून परवानगी दिली, पण दोन अटी घातल्या. एक, कोंडवाड्यातल्या कुणीही तिथलं कुत्रं स्वतःसाठी न्यायचं नाही. नाहीतर उद्या लोक म्हणतील, चांगली जनावरं ही मंडळीच पळवतात. दुसरी, एकदा बिल्ला लागून गेलेलं कुत्रं पुन्हा बिनबिल्ल्याचं सापडलं, तर त्याला तीन दिवस मिळायचे नाहीत, त्याच दिवशी निकाल. ओळख पटावी म्हणून सोडताना कुत्र्याच्या डाव्या कानाला बारीक चीर द्यायची. दोन्ही अटी मी माझ्याच वळणदार अक्षरात लिहून भिंतीला लावल्या.

मग मी स्थळं शोधू लागलो. हे काम सोयरीक जुळवण्यासारखं आहे. कुत्रं पाहायचं ते झोपताना आणि खाताना. भिंतीला पाठ लावून झोपतं ते वखारीला चांगलं. माणसाकडे पाठ करून झोपतं त्याचा विश्वास बसलेला असतो, ते पोराबाळांच्या घरी द्यायचं. घास तोंडात धरून कोपऱ्यात पळतं त्याने उपास काढलेले असतात, त्याला ज्या घरी दुसरं कुत्रं नाही अशाच घरी द्यावं. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी शिकलो. शिकवायला कुणी नव्हतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. पूर्व भागातला राजय्या नावाचा एक विणकर आला. तेलुगू माणूस, मराठी बेताचं. म्हणाला, "सार, मागाच्या आवाजाला भुंकणारं कुत्रं नको."

हातमागाची खटखट दिवसभर ऐकून न भुंकणारं कुत्रं कुठून आणू? पण त्या वेळी आमच्याकडे एक म्हातारं बहिरं कुत्रं होतं. मी खरं ते सांगितलं.

"बहिरं? फार बरं झालं सार."

"अहो, पण राखणीचं काय?"

"राखायला घरात काय आहे सार? दिवसभर एकटा मागावर असतो. बोलायला कुणी पाहिजे."

"पण त्याला ऐकू येत नाही!"

"मध्ये बोलत नाही की," राजय्या म्हणाला, आणि कुत्र्याला घेऊन गेला. ते त्याच्याकडे तीन वर्षं सुखात जगलं. पुढे त्याच्या शेजारणीने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं, "ते कुत्रं गंगव्वाने दिलेलं." ती जोडी मी जुळवली होती! ऐकून अंगाचा तिळपापड झाला, पण म्हणालो, "असेल."

आता भाकरीचं सांगतो. नवं कुत्रं घरी टिकावं म्हणून आमच्या भागात एक जुनी रीत आहे. मालकाने भाकरीचा तुकडा घटकाभर काखेत धरायचा, घाम मुरू द्यायचा, आणि तो कुत्र्याला उपाशीपोटी स्वतःच्या हाताने चारायचा. त्या वासाला कुत्रं बांधलं जातं. मी आधी हसत होतो. पण पहिल्या वर्षी दिलेली निम्मी कुत्री परत रस्त्यावर आली, आणि ज्यांनी ही रीत केली त्यांची तेवढी राहिली. मग मी शिरस्ताच पाडला. माझ्यासमोर काखेतली भाकरी चारल्याशिवाय बिल्ला हातात द्यायचा नाही. एका वकिलांनी यावरून मला फैलावर घेतलं. शेवटी त्यांनी कोट काढला, उपरणं आडवं धरून भाकरीचा तुकडा काखेत दाबला, आणि पाऊण तास भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कुत्र्याने मात्र ती भाकरी चाटूनपुसून खाल्ली.

तरी तीन दिवस पुरत नसत. स्थळ मिळे, पण ती मंडळी जत्रेला गेलेली, नाहीतर घरात सुतक. अशा वेळी कुत्रं ठेवायचं कुठे? ही युक्तीही माझीच, हे इथे नोंदवून ठेवतो. कुणा भल्या माणसाच्या नावाने तात्पुरता बिल्ला करायचा, कुत्रं त्याच्याकडे ठेवायचं, आणि कायमचं घर मिळालं की कानाला चीर देऊन बिल्ला नव्या नावावर करायचा. भलं माणूस म्हणून मी गंगव्वा निवडली.

गंगव्वा बाळीवेशीत राहायची. अक्कलकोटाकडची, लिंगायत, लवकर विधवा झालेली. कडक भाकऱ्या करून विकायची. घरामागे मोठी पडवी, आणि भाकरीचे मोडके तुकडे हवे तेवढे. मी पहिलं कुत्रं घेऊन गेलो तेव्हा ती चुलीपुढून उठलीही नाही. "इल्ली बा," म्हणाली. इकडे ये. झालं, माझ्या हातातली दोरी ओढून कुत्रं तिच्याकडे गेलं. तीन दिवस मी त्याला यू यू करत होतो, त्याने कान हलवला नव्हता. सोलापुरात जन्मलेल्या कुत्र्यांना कानडी कुठून येतं, हे मला आजवर उमगलेलं नाही.

तिथून माझं दुखणं सुरू झालं. मी उन्हातान्हात स्थळं बघत फिरायचो, साहेबांची बोलणी खायचो, आणि लोक कुत्रं न्यायला जायचे गंगव्वाकडे. नाव तिचं होई. ती बिचारी कधी मिरवायची नाही, याचाच मला जास्त राग यायचा. मिरवली असती तर निदान तिला नावं ठेवता आली असती.

अशात तांबी आली.

आमचा कुत्री धरणारा हुसेन, त्याने तिला नव्या पेठेत कापडाच्या दुकानापुढे धरलं. तांबूस अंग, तोंड काळं, मधल्या वयाची. खणात सोडल्यावर ती बाकीच्यांसारखी दाराशी धडपडली नाही. सरळ माझ्या टेबलाच्या बाजूच्या जाळीशी आली आणि बसून राहिली. मी लिहीत असलो की लेखणीकडे बघायची. मी उठलो की उठायची. कुत्र्यांना नाव द्यायचं नाही असा माझा नेम होता, कारण चौथ्या दिवशी नावाचा त्रास होतो. तो नेम मी तिच्यासाठी मोडला.

मला ती हवी होती. अठरा वर्षांत मला हवं वाटलेलं ते एकच कुत्रं. पण अट भिंतीवर होती, माझ्याच अक्षरात. तिसऱ्या दिवशी नाइलाजाने तिला गंगव्वाकडे नेलं. वाटलं होतं, ही तरी तिच्या "इल्ली बा"ला भुलणार नाही. दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर बघायला गेलो, तर तांबी गंगव्वाच्या पायाशी पसरलेली. मला पाहून शेपूट दोनदा आपटलं, पण उठली नाही.

"चांगली रुळली की वो कारकूनसाब," गंगव्वा म्हणाली. "लई शहानी हाय."

त्या दिवशी घरी जाताना मी जे ठरवलं त्याची लाज मला आजही आहे. दुसऱ्या दिवसापासून सकाळी कचेरीत जाण्याआधी मी बाळीवेशीत जाऊ लागलो. डब्यातल्या भाकरीचा तुकडा घरून निघताना काखेत धरायचा, शर्टाच्या आत. तिथे पोचेपर्यंत तो घामाने ओला झालेला असे. गंगव्वा त्या वेळी पुढे भाकऱ्या मोजून देण्यात गुंतलेली. मी मागच्या पडवीत जाऊन तांबीला तो चारायचो. रिकाम्या पोटी, माझ्या हाताने. ज्या रीतीने कुत्रं मालकाला बांधलं जातं, ती रीत मी, ज्याला मालक होण्याची बंदी होती, रोज केली. अकरा दिवस. चौथ्या दिवशीच ती माझ्या पावलांच्या आवाजाला उठून दाराशी येऊ लागली. गंगव्वाने हाक मारली तरी जाईना. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

बाराव्या दिवशी मायाप्पा आला. सांगोल्याकडचा धनगर, बाजारात घोंगडी विकायला आलेला. लांडग्यांनी त्याची कोकरं नेली होती, आणि राखणीचं कुत्रं म्हातारं होऊन मेलं होतं. गंगव्वाच्या पडवीत त्याने खांद्यावरचं वापरतं घोंगडं काढलं आणि जमिनीवर अंथरलं. आम्ही बघत राहिलो. तांबीने घोंगडं हुंगलं, दोन गिरक्या घेतल्या आणि त्यावर अंग टाकलं.

"ही चालंल," मायाप्पा म्हणाला. "मेंढराच्या वासावर निजली. जी डोळं वटारती ती कोकरं फाडती."

"पेठेतलं कुत्रं आहे," मी घाईने म्हणालो. "रानात टिकायचं नाही. दुसरं देतो."

"टिकतंय की. कुत्र्याला काय पेठ न् काय रान?"

"कारकूनसाब, स्थळ चांगलं हाय," गंगव्वा म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता. तिलाही तांबी द्यायची नव्हती, हे तेव्हा मला दिसलं. पण ती देत होती. मी मात्र खोड्या काढत होतो.

त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. सांगायला हवं होतं, की बाबा, हिला मी बांधून ठेवलंय, आणखी पंधरा दिवस हिला इथेच राहू दे, माझा वास विसरू दे, मग ने. एवढंच बोलायचं होतं. पण गंगव्वासमोर कबूल कोण करणार? मायाप्पाने भाकरीचा तुकडा काखेत धरला, घटकाभर गप्पा मारल्या, आणि तांबीला चारला. तिने तो खाल्ला, आणि खाऊन माझ्याकडे बघितलं. मला आनंद झाला. मी तिच्या कानाला चीर दिली, बिल्ला बांधला, आणि मायाप्पा तिला दोरीने घेऊन गेला तेव्हाही ती वळून वळून माझ्याकडेच बघत होती म्हणून दिवसभर खूश होतो.

महिना गेला. पुतणीच्या साखरपुड्यासाठी मी दोन दिवस बार्शीला गेलो. परत येऊन कचेरीत पाऊल टाकलं, तर हुसेन दारातच उभा. नेहमी सलाम करतो, त्या दिवशी केला नाही.

"साब, वो लाल कुत्ती आई थी," तो म्हणाला. "काले मूँ की."

"तांबी? कुठे आहे?"

"मैं नहीं पकड्या साब. अपने पाँव से आई. दरवाजे में आको बैठ गई. आपके टेबल कू देखती. गले में बिल्ला नहीं, दोरी का टुकडा था."

मी खणांकडे धावलो. सहाही खण बघितले.

"साहब सामने खडे थे," हुसेन मागून म्हणाला. "कान का चीरा देखे. मैं बोल्या, मुनशी आने दो साब. नहीं सुने."

साहेबांना तरी काय बोलणार? माझ्या अक्षरातला कागद त्यांच्या डोक्यावर भिंतीला होता. मी हुसेनला एवढंच विचारलं, तिने भाकरी कुणाच्या हातून घेतली. त्याने आपला उजवा हात पाठीमागे नेला.

तसाच बाळीवेशीत गेलो. ओसरीवर मायाप्पा बसला होता, तांबीला शोधत सोलापूरपर्यंत आलेला. त्याच्या हातात कुरतडलेल्या कासऱ्याचं टोक होतं. गंगव्वा भिंतीला टेकून बसली होती, चूल थंड. हुसेनने त्यांना ती मेल्याची तेवढी बातमी आधीच पोचवली होती.

"लई गुनाची हुती," मायाप्पा मला म्हणाला. "कोकरं अंगावर उड्या मारायची तिच्या, हूं का चूं न्हाय. एकदा लांडगं बी पळिवलं. पर रोज सांजंला सोलापूरकडं तोंड करून बसायची. बिल्ल्याचा पट्टा काढून कासरा बांधला, तर त्यो बी तोडला. चार दिसाची वाट हाय वो. कशी आली आसंल?"

गंगव्वाने डोळे पुसले. "माझ्याकडं येत हुती ती. मीच लाड केला. दुसऱ्याच्या घरी जायचं जनावर, त्याला एवढा जीव लावायचा न्हवता. शिवा शिवा, मीच मारली तिला. वाटंत धरली बगा, माझ्या घरी येताना."

मी गप्प राहू शकलो असतो. तसं झालं असतं तर सगळे दोष तिच्या माथी गेले असते आणि माझं नाव कुठेच आलं नसतं. गप्प राहण्याइतका भित्रा मी होतोच. पण ती पुन्हा म्हणाली, "माझ्यासाठी एवढं चालली," आणि ते मला सोसवेना. तांबी मेली होती, आणि तरी माझ्या पोटात दुखलं.

"तुमच्याकडे येत नव्हती," मी म्हणालो. "वाटेत धरली नाही तिला. कोंडवाड्याच्या दारात येऊन बसली होती. माझ्या टेबलाकडे बघत. हुसेनला विचारा."

गंगव्वा माझ्याकडे बघत राहिली. "तितं कशाला जाईल? कोंडवाड्यात कंचं जनावर आपन हून जातंय?"

"मी तिला काखेतली भाकरी चारत होतो. तुमच्या मागच्या पडवीत. रोज सकाळी."

मायाप्पाने मान वर केली. पहिल्यांदा त्यालाच उमगलं. धनगराला ती रीत शिकवावी लागत नाही.

"किती दिस?" त्याने विचारलं.

"अकरा."

"आन् मला एक सबुद बोलला न्हाईत? मी घेऊन चाललो तवा?"

मी खाली बघितलं. खोटं कशाला सांगू, मी ते कबूल केलं ते पश्चात्तापाने नव्हे. तांबी कुणाची होती, ते ठरवायचं होतं म्हणून केलं.

गंगव्वाने पदराने तोंड नीट पुसलं. दोन्ही डोळे, मग गाल. मग ती उठून उभी राहिली. तिचा आवाज कोरडा होता.

"मग तुमची हुती ती," ती म्हणाली. "बरं झालं सांगिटलं. सकाळधरनं मी रडाय लागले. आता मी रडनार न्हाई. तुमची कुत्री, तुमी रडा."

एवढं बोलून ती आत गेली आणि चूल पेटवू लागली. मायाप्पा तिच्या मागोमाग दाराशी गेला आणि दुसरं एखादं कुत्रं आहे का म्हणून विचारू लागला. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

पुढेही ती माझ्याकडून कुत्री घेत राहिली. कधी नाही म्हणाली नाही, आणि त्या दिवसाबद्दल कुणाकडे एक शब्द काढला नाही. पण कुत्रं आणलं की ती दोरी दारातच हातात घ्यायची, आणि मागच्या पडवीत मी पुन्हा कधी गेलो नाही.

त्या दिवशी मी ओसरी उतरलो तेव्हा मला हवं होतं ते मिळालं होतं. तांबी माझी होती, दोघांच्या साक्षीने ठरलं होतं. बाळीवेशीच्या कोपऱ्यापर्यंत मी चालत गेलो. तिथून पुढे पाय उचलेना. भर दुपारी, लोक जात-येत असताना, मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो आणि रडलो.